गार क्रीम

प्रिय ताई,

लिहू लिहू म्हणत तीन वर्षं ढकलली. दोनदा पाकिटं आणली आणि त्यांत खिळे भरून ठेवले. फोनवर तू ‘जेवलास का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो, आणि ‘काय जेवलास’ विचारायच्या आत माझी रेंज जाते. ती कधीच गेलेली नसते, हे तुला कळत असणारच.

सध्या मी सामान हलवणाऱ्यांच्यात आहे. लोक घर बदलतात, आम्ही त्यांची कपाटं खांद्यावर घेऊन जिने उतरतो. रोपवाटिकेतलं काम सोडलं. तिथल्या माणसाशी पटलं नाही, जाऊ दे. नाही, ऐकच, तो झाडांना शिव्या द्यायचा. खरंच! फुलं आली नाहीत की सुरू. असो. तर गेल्या महिन्यात एका घरातलं सगळं उतरवल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, हा छोटा ओव्हन नको, टाकून द्या. आमचा मुकादम मला म्हणाला, ने रे, थंडीत हात शेकायला होईल. चार मजले वर आणला, टेबलावर ठेवला आणि आठ दिवस त्याच्याकडे पाठ करून झोपलो.

मग एका रविवारी तुझं चॉकलेट-कॅरॅमल टार्ट करायला घेतलं. हसू नकोस. मैदा, थंड बटर, पिठीसाखर, अंड्यातला पिवळा बलक. तळव्याची ऊब लागू न देता बोटांच्या टोकांनीच चोळलं, तू सांगायचीस तसं. लाटणं नव्हतं, बाटलीनं लाटलं. साच्यात बसवलं, काट्यानं टोचलं, फुगू नये म्हणून वर कागद आणि त्यावर कोरडे वाटाणे. भाजून निघालं ते एका बाजूनं गच्चीचा कठडा आणि दुसऱ्या बाजूनं उंबरठा. पण शिजलं होतं.

खरी भीती कॅरॅमलची. आपल्या घरी ते कधी एकट्यानं केलंच नाही ना. साखर तुझी, क्रीम माझं. उजव्या हातात पातेल्याचा दांडा धरून तू ते नुसतं गोल गोल हलवायचीस, नजर साखरेवरून काढायची नाहीस. रंग चहासारखा झाला की न बघता डावा हात बाजूला करायचीस, आणि त्या हातात मी गरम क्रीमचं भांडं द्यायचं. इथे माझी पहिली साखर जळाली, कारण समोरच्या जिन्यावरून दोघं पियानो चढवत होते आणि त्यांनी पट्टा उलटा बांधला होता. मी खिडकीतून ओरडून सांगत बसलो. दुसऱ्या खेपेला चमच्यानं ढवळलं, तर साखरेचे खडे झाले. तिसऱ्या खेपेला मात्र मी क्रीम मुद्दाम फ्रिजमधून काढून तसंच ठेवलं. गार.

आता ते लिहावंच लागेल. त्या दिवशी तुझी पहिली मोठी ऑर्डर होती, कुठल्याशा ऑफिसची साठ छोटी टार्ट्स. मी खाली होतो, मेकॅनिकनं मोटरसायकलचं इंजिन उघडून अंगणात मांडलं होतं. तू हाक मारलीस, ‘भिंगरी, क्रीम!’ मी धावत वर आलो, तर ते तापवायलाच विसरलेलो. तुझा हात बाजूला आला होता. तू विचारलंस, ‘गरम आहे ना रे?’ आणि मी म्हणालो, ‘हो.’

एवढंच. मला वाटलं, काय होतंय? परत ओरडशील, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात, भाजलेल्या हाताला पट्ट्या बांधत असताना, तू बाबांना सांगितलंस, घाईत मीच गार ओतलं, माझंच चुकलं. तीस वर्षं कारखान्यात मशीनवर काढून आपलं एक नखसुद्धा गेलं नाही, याचा बाबांना कोण अभिमान! ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझा ओव्हन देऊन टाकला आणि म्हणाले, जिला आगीपाशी भान राहत नाही, तिनं आगीपाशी जाऊ नये. मी दारात उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, मी पकडला जाऊ नये म्हणून. आठवड्यात मी पिशवी भरली आणि जग बघायचंय म्हणालो. तू डबा करून दिलास. त्याचं झाकण तुला एका हातानं लावता येईना, ते मी लावलं आणि निघालो. तुझी दोन बोटं अजून मिटत नाहीत आणि तू ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांच्या ऑफिसात फोन घेत बसतेस, हे मला आत्याकडून कळलं. तू कुठली सांगायला!

तर तिसरं पातेलं. दोन पावलं मागे सरलो आणि लांब दांड्याच्या डावानं गार क्रीम ओतलं. ताई, ते उठलं. पातेल्याच्या काठावरून वर उसळलं आणि फुटलं, भिंतीवर माझ्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत थेंब उडाले. नंतर खरवडायला गेलो तर भिंतीचा रंग निघून आला. त्या दिवशी मी हे बघितलंच नव्हतं गं. तुझ्या हातात भांडं देऊन मी परत इंजिनाकडे वळलो होतो, नुसतं तुझं किंचाळणं ऐकलं.

चौथ्यांदा क्रीम तापवून केलं आणि ते जमलं. वर चॉकलेट ओतलं, चिमूटभर मीठ भुरभुरलं. मला खाववेना. मुकादमाला नेऊन दिलं. तो म्हणाला, कडू आहे. आणखी दे.

दुसऱ्याच दिवशी मी बाबांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं, तू काय विचारलंस आणि मी काय म्हणालो तेसुद्धा. तुला न विचारता. तीन वर्षं तू जे झाकलंस ते मी उघडं केलं, त्याचा तुला राग येईल. ते पत्र घेऊन बाबा तुझ्यासमोर उभे राहतील, खोटं का बोललीस विचारतील, आणि तू सवयीनं म्हणशील की तो काहीतरी बरळतोय. म्हणून हे घाईघाईनं लिहितोय, की या खेपेला मला वाचवू नकोस. जे झालं ते झालं म्हणून सांग आणि तुझा ओव्हन परत माग. तुझी माफी समोर उभं राहून मागेन, पत्रातून मागायची मला लाज

ताई, थांब. खाली बाबा आहेत. खरंच बाबा! समोरच्या फुटपाथवर माझं पाकीट डोळ्यांपासून लांब धरून घरांचे नंबर बघतायत. एकटेच आलेत. हातात पिशवी नाही, म्हणजे राहायला आलेले नाहीत. एका बाईंना काहीतरी विचारलं, त्यांनी आमच्या इमारतीकडे बोट केलं. आता त्यांनी मान वर केलीय. चार मजले त्यांच्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत. मीच उतरतो खाली.

तुझाच,
भिंगरी