हजार वर्षं टिकणारे धवले

४ जानेवारी, सकाळ
निर्णय झाला. गोदूबाईंचे धवले कायमचे जतन करायचे. लग्नाची ही गाणी अख्खी पाठ असलेल्या धरमतरकडच्या त्या शेवटच्या धवलारीण. सगळं रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे, जुन्या हार्डडिस्कवर. ती मधूनच टकटक करते. अनिता म्हणाली, आधी पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. बायकोला कॉपी आणि जतन यातला फरक कळत नाही.

११ जानेवारी
डिस्कचा अभ्यास सुरू. साध्या डीव्हीडीतला रंगाचा थर उडतो. सोन्याच्या थराची शंभर वर्षं टिकते म्हणे. दगडासारख्या थराची हजार! शंभर की हजार? घाई नको.

२ फेब्रुवारी
खाडीच्या हवेत कंपन्यांचे आकडे चालत नाहीत. स्वतःच टेस्ट करतोय. घरातली एक डिस्क गच्चीवर उन्हात, दुसरी मिठाच्या पाण्याच्या बादलीत.

२५ फेब्रुवारी
टेस्ट पूर्ण यशस्वी. दोन्ही डिस्क खराब झाल्या. बादलीतली अनिताच्या भाचीच्या बारशाची होती. अनिता बोलत नाही. शांततेत अभ्यास बरा होतो.

९ मार्च
रोह्याहून गोदूबाईंच्या मुलीचा, काशीबाईचा फोन. मनस्वीचं, म्हणजे तिच्या लेकीचं मे महिन्यात लगीन. "दादा, आयची गानी मोबाइलवर धाडा नं. मांडवात लावू. तिला आता सगला धवला म्हनाया जमत नाय." सांगितलं, मोबाइलवर या आवाजाचा अपमान होतो. लग्नाआधी पक्क्या डिस्कवर देतो. शब्द दिला. बरं वाटलं.

१८ एप्रिल
हजार वर्षांवाली डिस्क आली! मुरादच्या कॉम्प्युटरच्या दुकानात उघडली. माझ्या डीव्हीडी रायटरवर ती बर्नच होणार नाही म्हणे. वेगळा रायटर लागतो, मुराद मागवतोय. म्हणाला, "काका, तोवर हार्डडिस्कवरचं माझ्या मशीनवर घेऊन ठेवू का?" नको म्हटलं. प्रत्येक कॉपीत आवाज थोडा झिजतो, असं माझं मत आहे. मुराद दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पटलं असावं.

६ मे, दुपार
रायटर आला. पण डिस्कवर नाव लिहायचं कशाने? मार्करच्या शाईने थर खाल्ला तर? शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून प्लास्टरची पूडही येते. खिडक्या बंद. घामाघूम. शाईचं वाचतोय. बर्न उद्या नक्की.

७ मे
हार्डडिस्कची टकटक थांबली. वाटलं, सुधारली.

८ मे
सुधारली नव्हती. मुरादने बघितली, मान हलवली. पनवेलच्या डेटा काढून देणाऱ्या माणसालाही दाखवली. काही निघत नाही म्हणाला. अनिता आज बोलली. "जेवून घ्या," एवढंच.

१० मे
उलट बरंच झालं. नव्याने रेकॉर्ड करायचं. नवा माइक, जास्त क्वालिटी. उद्या पहिल्या गाडीने रोहा. हार्डडिस्कचं सांगायची गरज नाही.

११ मे, रोहा
दारात मांडव. गोदूबाई बाजेवर, फार बारीक झाल्यात. सांगितलं, थोडं नव्याने भरून घेऊ. त्यांनी सूर लावला. अंगावर काटा आला. दीड ओळ. मग ठसका. काशीबाईने पाणी पाजलं. त्या म्हणाल्या, "फुडचं आठवत नाय रं." मग माझा हात धरला. "पन मला घोर नाय. तुझ्याकडं हायत ना सगली?"
मनस्वी हळदीच्या तयारीतून उठून दारात आली होती. माझ्याकडेच बघत होती. माइक चालू होता.

१३ मे, पेण
डिस्क बर्न केली. व्हेरिफाय केली, एकही एरर नाही. डिस्कवर दीड ओळ आहे, ठसका आहे, गोदूबाईंचा प्रश्न आहे. त्यानंतर माझा आवाज, अगदी स्वच्छ: "हो तर. सगळी आहेत."
कंपनी म्हणते, हजार वर्षं पुसलं जाणार नाही.