साहेबापुढचा कंप

बीड, मार्गशीर्ष वद्य ४, शके १८३४

तीर्थरूप धर्मराज मामांचे सेवेसी, भाचा गहिनीनाथ याचा सा. न. वि. वि.

अदालतीतली नकलनविसाची जागा याही खेपेस गेली. कागदांच्या नकला उतरवायचे काम, आणि माझे अक्षर चांगले. पण रिवाज असा की उमेदवाराने आपली अर्जी मुन्सिफसाहेबांपुढे उभे राहून मोठ्याने वाचायची. आदल्या दिवसापासून छाती धडधडते, घास उतरत नाही. पुढे गेलो की हात कापतो, दम कोंडतो, अक्षरे दिसेनाशी होतात. काल अर्जी तिथेच टाकून पळालो. साहेबांपुढे कागद ठेवणारा पेशकार मागून म्हणाला की गांजा सोड, मग ये. सगळे हसले.

पौषात आणखी एक जागा निघणार आहे. आई म्हणते, बाहेरची बाधा आहे, उतारा टाकू. वडील म्हणतात, पुरे झाले, नांगर धर. मला हेच काम हवे आहे, मामा, पण पाय उचलत नाही. मामींस नमस्कार. उत्तराकडे डोळे लागले आहेत.

आपला गहिनीनाथ

युसूफ वडगाव, मार्गशीर्ष वद्य १२

चि. गहिनीनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईला, जानकीला, सांग, उताऱ्याची लिंबे लोणच्याला ठेव. बाधा असती तर लग्नाच्या पंगतीत जेवताना तुझा हात असा सरळ चालला नसता.

आता लिहितो ते तुझ्या मामीलाही ठाऊक नाही. नारायणगडाच्या जत्रेत दरसाल मला अभंग म्हणायला उठवतात आणि दरसाल मी घसा बसला म्हणून सांगतो. घसा ठणठणीत असतो. चार माणसे बघू लागली की मलाही तुझ्यासारखेच होते. हसतील म्हणून वीस वर्षे देवाच्या दारात खोटे बोललो. लपवून ते कमी झाले नाही, लई वाढले.

तुझे पत्र वाचून काल एकादशीला भजनात उठलो. मी भितो, कापेन, तुमी थांबा, असे आधीच सांगितले. टाळ धरणारा सिदू हसलाच. अर्धा अभंग कापत गेला, मग आवाज सापडला. मेलो न्हाई. कंप मात्र आहे तिथेच आहे.

तेव्हा बरा होण्याची वाट बघू नकोस, आहेस तसा जा. भितोस कावून, असे कोणी विचारले तर उत्तर देणे लागत नाही. फक्त पळू नकोस. देव पाठीशी आहे, मीही आहे.

धर्मराज

बीड, पौष शुद्ध १०

तीर्थरूप मामांचे सेवेसी सा. न. वि. वि.

गेलो. साहेबांना आधीच सांगितले, “हुजूर, माझे अंग कापेल. ही नशा नाही, आजार आहे. कंप थांबेपर्यंत मी इथून हलणार नाही.” पेशकार मला बाहेर काढायला उठला. साहेबांनी त्याला बसवले. हातातल्या कागदाची फडफड साऱ्या दालनात ऐकू येत होती. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरीपासून वाचू लागलो. संपवली, सलाम केला आणि चालत बाहेर आलो.

जागा दुसऱ्याला मिळाली. साहेब म्हणाले की कचेरीला इतका वेळ नसतो. वडिलांनी नांगराचे पुन्हा काढले. मी नाही म्हटले.

फाल्गुनात आणखी एक जागा आहे. नवी अर्जी आजच दिली. अर्जीत हुलिया लिहावा लागतो, म्हणजे रंग, उंची, अंगावरच्या खुणा. आजवर कपाळावरचा तीळ तेवढा लिहीत आलो. या वेळी त्याखाली लिहिले: उमेदवाराचा हात साहेबापुढे कापतो, थोडे थांबावे, तो वाचतो. पेशकार म्हणाला की हे खोडून टाक. मी त्याच्यादेखत खाली सही केली.

लोभ आहेच, तो या कंपासकट असू द्यावा.

आपला गहिनीनाथ