तीन नंबरचा टायर

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. अक्षर बघून हसू नकोस, सातवीनंतर पेन हातात धरलं ते या कामावरच. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

काम काय मिळालं विचारलंस. मी टायर बघतो. खरंच. गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या अंगणात पाच टायर रांगेत उभे केलेत. टायर काळाभोर दिसावा म्हणून पॉलिश येतं ना, ते पाच बाटल्यांतलं पाच टायरना लावलंय. कुठलं किती टिकतं ते चाळीस दिवस बघायचं आणि वहीत लिहायचं. रोज पांढऱ्या फडक्याचं टोक लावून काळं उतरतं का बघायचं. दर चौथ्या दिवशी नळीनं पाणी मारायचं, थेंब गोल उभे राहतात की पसरतात ते लिहायचं. मालक चष्म्यावरून बघत म्हणाले की तुझं मत मला नको, फक्त डोळे दे.

पॉलिश चांगलं बसलं की टायरात आभाळ दिसतं, ताई. एक नंबरमधून ढग निघतो, दोनमध्ये जातो, मग तीनमध्ये. मला वाटतं हे टायर उभ्याउभ्याच कुठेतरी लांब चाललेत आणि मला बरोबर घेतलंय. आज बारावा दिवस. बाकीचे चौघे मातकट पडायला लागलेत, पण माझा तीन नंबर अजून ओल्या पाटीसारखा काळा आहे. मी त्याच्याच शेजारी बसतो.

चाळीस दिवस पुरे केले तर मालक कायमचं ठेवणार आहेत. बाबांच्या कानावर घाल. बेकरी सोडली, छापखाना सोडला, गादीवाल्याकडून तर न सांगता पळालो. सात कामं झाली, महिनाभर कुठे टिकलो नाही. म्हणूनच त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते मी विसरलेलो नाही.

भावजींना नमस्कार. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
धाकटा

---

ता. १० मार्च

चि. धाकट्या भिंगरीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. बाबा पेपर धरून बसले होते, पण वाचून होईपर्यंत त्यांनी पान काही उलटलं नाही. तुझे भावजी म्हणतात, टायर बघायची नोकरी असेल तर मलाही चिकटव, मी आडवा पडून बघेन.

एक सांग, पत्राच्या मागे काळे पट्टे कसले? टायरला टेकून बसतोस ना? लहानपणी टेकून टेकून स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाठीएवढा डाग पाडला होतास, आईनं दोनदा रंग दिला तरी तो वर यायचा. शर्टाची काय दशा झाली असेल ते मला इथून दिसतंय. साबण दोनदा लाव आणि उन्हात वाळव.

बाकी सगळं ठीक. शिलाईचं काम भरपूर आहे. जेवत जा वेळेवर, आणि आमची आठवण काढत जा.

तुझी,
ताई

---

ता. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून अंगणात गेलो. तू शर्टाचं लिहिलंस, मला तीन नंबर दिसला. रोज दुपारी मी त्याला टेकतो. बसायच्या आधी बाहीनं धूळ पुसतो, सवयच आहे. भर उन्हात माझी सावली त्याच्यावर. बाकीचे चौघे धूळ खात, तापत उभे. ते पॉलिश टिकलंच नव्हतं ग, मीच त्याला जपत होतो.

मालकांनी परवाच एका टॅक्सीवाल्याला छाती ठोकून सांगितलं की तीन नंबरच घे. त्याच्या तीस गाड्या आहेत. पुढच्या सोमवारी पॉलिशच्या पेट्या येणार. आज तेविसावा दिवस. गप्प बसलो तर सतरा दिवसांनी कायमचा होतो, कुणाला पत्ताही लागणार नाही. सांगितलं तर गेलो. आणि खरं सांगू, दोन्ही नको वाटतंय. पाय वळवळतायत. पिशवी भरून खाटेखाली ठेवलीय.

रात्री स्वप्नात तो टायर एकटाच रस्त्यानं चालला होता, हळूहळू, आणि जाईल तिथे आभाळ पुसत होता.

बाबांना हे वाचून दाखवू नकोस. मला रागावलीस तरी चालेल, तोडू नकोस.

तुझा,
धाकटा

---

ता. २० मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

वाचून दाखवू नकोस म्हणालास, पण पाकीट बाबांनीच घेतलं पोस्टमनकडून. वाचलं आणि घडी घालून माझ्या मशीनवर ठेवलं. मग जेवताना विचारलं, पोरानं सांगितलं का मालकाला? सहा महिन्यांत पहिल्यांदा तुझा विषय काढला. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी अर्धं ताट तसंच बाजूला सारलं.

मी तुला काही सांगणार नाही. पळून आलास तरी दार उघडंच आहे. पत्र मात्र लगेच टाक, आमचे घास अडकलेत.

तुझी,
ताई

---

ता. २५ मार्च

ती. ताईस व ती. बाबांस,
शि. सा. न.

ताई, तुझं पत्र काल मिळालं, पण त्याच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं.

सोमवारच्या आदल्या दिवशी मालकांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, तेच वाईट. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग टॅक्सीवाल्याला फोन करून म्हणाले की माझी चूक झाली, पेट्या घेऊ नकोस. माझी चूक म्हणाले, ताई, माझं नावही काढलं नाही. मला एवढंच म्हणाले की परत पहिल्यापासून चाळीस दिवस. करायचे तर कर, नाहीतर जा.

मी पिशवी उचलून बस थांब्यावर गेलो. बस आली. चढणार, तर मागच्या चाकाकडे नजर गेली. वरची बाजू तपकिरी पडलेली, पण खाली कडेला काळी रेघ शिल्लक होती. हे पॉलिश किती दिवसांचं असेल, पाऊस लागला असेल का, म्हणून वाकून बोट फिरवायला लागलो. कंडक्टर खेकसला की चढायचंय का टायरशी लग्न लावायचंय. सगळी बस हसली, मीपण हसलो. बस गेली. मी बोटावरचा काळा रंग बघत उभा. आठ कामांत पहिल्यांदा असं झालं की मला पुढचं जाणून घ्यायचं होतं.

परत आलो. मालकांनी ब्रश हातात दिला. पाचही टायर घासले. फेस आधी चहासारखा आला, मग मळकट, चौथ्यांदा पांढरा स्वच्छ. मग पाची बाटल्यांतलं पॉलिश नव्यानं लावलं. आता मी अंगणाच्या पलीकडे पायरीवर बसतो. तिथून टायर लहान दिसतात, पण आभाळ तेवढंच दिसतं.

बाबा, चाळीस दिवस झाले नाहीत. आज तिसराच आहे. तुम्ही जेवून घ्या.

तुमचा,
धाकटा