पेवाच्या तोंडावरचा दगड

मी, ज्याला सारे गाव पेववाला म्हणते तो, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली. चुका पोटात घालाव्यात, अर्थ मात्र फिरवू नये.

राहते घर बायकोचे. ती आहे तोवर तिला कोणी मागच्या खोलीत बसवायचे नाही. हे सूनबाईंनी दोनदा वाचावे.

खळ्याजवळचे शेत थोरल्याचे, नदीकडचे धाकट्याचे. बांधावरून भांडू नका. मी आणि मेहुणा भांडलो, तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाही. तरी तराजू त्यालाच द्यावा. माणूस खाष्ट आहे, पण खोटे माप त्याने कधी घातले नाही.

आता पेव. जमिनीखालचे हे धान्याचे कोठार माझे एकट्याचे नाही, सांभाळणे तेवढे माझे. सुगीत प्रत्येक घर आपला वाटा त्यात ओतायचे आणि वाईट वर्षी त्यातूनच बियाणे निघायचे. शेजारची गावे उठून गेली, आमचे राहिले ते यामुळे. पुढे व्यापाऱ्याचा ट्रक थेट खळ्यावर येऊ लागला, लोकांनी धान्य सोडून कापूस लावला आणि एकेक पेव बुजले. हे शेवटचे. आता ती जागा गोदामाला हवी आहे आणि आतले धान्य काढायचे काम धाकट्याने घेतले आहे.

काढा बापडे. पण दगड सरकवल्यावर पेव दिवसभर उघडे ठेवायचे, मग दोरीने पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा. विझला तर उतरायचे नाही. कोंडलेली हवा दिसत नाही, माणूस मात्र उभ्याचा आडवा होतो. माझा भाऊ असाच गेला. त्याला काढायला काका उतरले, तेही गेले. मीही उतरलो असतो, पण चौघांनी मला धरून ठेवले.

काल हे धाकट्याला सांगितले तर हसला.

"बाबा, कंदील कशाला? ही बघा नवी बॅटरी. तळ लख्ख दिसतो."

"अरे, बॅटरी विझत नाही!"

"तेच तर म्हणतोय मी!"

त्याची आई म्हणाली, "ऐक रे त्यांचं."

"अगं, यांना झोपेतसुद्धा पेव दिसतं."

दिसते. खोटे कशाला बोलू?

म्हणून लिहितो की, जो कंदिलाशिवाय उतरेल त्याला शेत नाही. पण हा कागद माझ्यामागे उघडणार, हे आत्ता लक्षात आले. तोवर काय? तेव्हा हा आजच त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा.

साक्षीला लोहार आणि शेजारच्या वहिनी बसल्या आहेत. मी वाचून दाखवत होतो, तर वहिनी मध्येच म्हणाल्या, "अहो भाऊजी, धाकटा मघाशीच दोर घेऊन गेला की! दगड सरकवताना मी बघितलं त्याला."

लोहाराने खुंटीवरचा कंदील काढला आहे. काडेपेटी माझ्या खिशात आहे.

ठिकाण: राहत्या घराची ओसरी
तारीख: आजची, घालायची राहिली

साक्षीदार:
लोहार (सही)
शेजारच्या वहिनी (अंगठा)

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: परत आल्यावर