डाव्या काखेची शिवण

४ मार्च
आज राष्ट्राच्या अंतराळ केंद्रात शिंपी म्हणून रुजू झालो. शिक्षण इयत्ता चौथी. तथापि सरळ टाका घालण्यास पदवी लागत नाही, असे मी अर्जातच नमूद केले होते. चिरंजीव येथेच यंत्रशाळेत आहे. एकाच आवारात बापलेक, ही गोष्ट लहान नव्हे. शिवणगृह प्रशस्त आहे, उजेड उत्तम. प्रवाशाचे नाव येथे गुप्त राखतात. शिंप्यास केवळ मापांची चिठ्ठी मिळते. तयार पोशाखात हवा भरून तपासनीसबाई तो हौदात बुडवतात. बुडबुडा दिसल्यास पोशाख रद्द, उड्डाण लांबणीवर. मी एक खिसा सुचवला. बाईंनी विचारले, मास्तर, वर कोण पाकीट मारणार आहे?

१९ मे
तीन पोशाख गेले. एकातही बुडबुडा नाही. वर्तमानपत्रांत तिन्ही उड्डाणे यशस्वी. शिवणी कशा टिकल्या हे पाहण्यासाठी पोशाख परत मागितले. बाई हळू म्हणाल्या, "मास्तर, अजून कोणीच खाली आलेलं नाही."

६ जून
चौथी चिठ्ठी आली. डावा खांदा अर्धा इंच उतरता. उजवी बाही बोटभर आखूड. या मापाचे सदरे मी सव्वीस वर्षे शिवीत आलो आहे.
चिरंजीवास बोलावले. तो खाली पाहत म्हणाला, "सही केलीय, बाबा. आता नाही म्हणता येत नाही."

७ जून
डाव्या काखेत चार बोटे शिवण कच्ची ठेवली. आयुष्यात प्रथमच. उद्या हौदात बुडबुडे येतील. माझी नाचक्की होईल. होऊ दे.

८ जून
हौद कोरडाच. पोशाख सकाळीच नेला. बाई म्हणाल्या, "तुमचं काम तपासायचं म्हणजे तुमचा अपमान, मास्तर. तसाच पाठवला."
क्षणभर माझी मान ताठ झाली. क्षणभरच, पण झाली.
मग सर्व सांगितले. त्या हसल्या. तुमच्या हातून चूक होणे नाही, म्हणाल्या. मुलासाठी जीव तुटतो म्हणून असे बोलता, म्हणाल्या.

९ जून
उड्डाणतळाच्या फाटकाशी. पहारेकरी आत सोडीत नाही. वहीचे हे पान फाडून देतो— मुलाच्या हाती पोचवा— कोणाकरवीही—
बाळा, डावी काख. चार बोटे. चूक नव्हे, मी मुद्दाम— चढू नकोस— जमीन हादरते आहे— बाळा, डावा हात अंगाशी घट्ट दाबून