कुंकू लागलेली फ्लॉपी

रविवार संध्याकाळ, हॅलिफॅक्स

जुन्या फ्लॉपी वाचायला घरी बनवलेल्या सर्किट बोर्डाने आज माझ्या थीसिसची फ्लॉपी वाचली. बेसमेंटमध्ये ड्राइव्हची खरखर ऐकत डोळे मिटून बसलो. धुक्यातून फेरीबोट येत असावी तसं वाटलं. फक्त फ्लॉपी एका जागी अडकते. काढून बघतो तर तिच्या कव्हरच्या खिडकीतून दिसणाऱ्या चकतीवर कुंकू.

थीसिस लिहीत होतो त्या वर्षीच्या दसऱ्याला बायकोने, सुधाने, कॉम्प्युटरबरोबर फ्लॉपीलाही कुंकू लावलं होतं. मी केवढा चिडलो होतो. "हीसुद्धा सरस्वतीच ना?" म्हणाली होती. आता सुधाला जाऊन तीन वर्षं झाली.

लेकीला फोनवर सांगितलं. "बाबा, जस्ट वाइप इट ऑफ."

स्पिरिटचा बोळा घेऊन बसलो. त्या कुंकवाखाली मी काय लिहिलं होतं? आठवत नाही. तिचं बोट आठवतं.

बोळा हातातच वाळला.