कडेवरचं नाव

३ मार्च
ही भावाकडे जाऊन तीन आठवडे झाले. राग आहे, ओसरेल. मुद्दा काय, तर हिला ताप होता आणि मी नाण्यांच्या प्रदर्शनाला गेलो. पण तिथे चुकीच्या छापाचं नाणं येणार होतं! (आलं नाही. ती गोष्ट वेगळी.)
संकल्प : फोन आपण करायचा नाही.

५ मार्च
फोन केला. मेहुण्याने उचलला. ताई झोपलीय म्हणाला. सकाळी अकराला?

८ मार्च
हिच्या कपाटात सासऱ्यांचं पदक सापडलं. चांदीचं. पुरातून माणसं बाहेर काढली म्हणून मिळालेलं. डोक्यात ट्यूब पेटली. दुर्मीळ असल्याचं सर्टिफिकेट मिळवायचं, मखमली डबीत घालून हिच्या हातात ठेवायचं. बघू कशी येत नाही! नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात मला एक्स्पर्ट म्हणतात. (एकच जण म्हणतो. तोही हसत.)

९ मार्च
भिंगाखाली पाहिलं. छाप सुरेख. खोट एकच, कडेवर सासऱ्यांचं नाव कोरलंय. नाण्यावर कुणी नाव कोरलं की त्याची ग्रेड गेली, हे शेंबडं पोरगंही सांगेल. सोनाराकडून कड घासून घेतली. नक्की ना, असं तो पुन्हापुन्हा विचारत होता. म्हटलं, तुम्ही दागिन्यांचं बघा.
काय झळकतेय कड!

१३ मार्च
पदकांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. म्हाताऱ्याने छापाकडे बघितलंसुद्धा नाही, आधी कड फिरवून पाहिली. म्हणाला, असली पदकं शेकड्यांनी निघाली, सगळी सारखी. कडेवर ज्याला मिळालं त्याचं नाव असतं, म्हणून प्रत्येक एकुलतं एक. याचं नाव कुणी घासलं?
म्हटलं, असंच मिळालं.
हे व्यापारी मुद्दाम भाव पाडतात. दुसऱ्याला दाखवीन.

१४ मार्च
हिचा फोन! स्वतःहून! परवा रविवारी येतेय. कपडे नकोत, भांडी नकोत, फक्त बाबांचं पदक न्यायचंय म्हणाली. बाबांचं नाव तेवढ्याच एका ठिकाणी कोरलेलं आहे, म्हणाली.
असो. येतेय हे महत्त्वाचं. एकदा घरात आली की बोलता येईल.
जेवलो नाही.

१५ मार्च
सोनाराकडे धावलो. नाव परत कोरून द्या म्हटलं. देतो म्हणाला, पण आधीच्या अक्षरांचं वळण कसं होतं? आडनाव पूर्ण होतं की नुसतं आद्याक्षर? आठवेना. भिंगातून पाहिलं होतं मी, पण खोट म्हणून पाहिलं होतं.
तसाच परत आलो.

१६ मार्च, संध्याकाळ
आली. वाळली आहे. चहा नको म्हणाली. डबी उघडली, पदकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला. खुर्चीत बसली. मी ग्रेडबद्दल सांगायला लागलो. ओरडली असती तर बरं झालं असतं. तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मला माहीत आहे, एवढंच म्हणाली आणि रडली. मी पाणी आणायला आत गेलो, तोवर निघून गेली होती.
पदक टेबलावरच होतं. न्यायला परत यावंच लागेल, असं आत्ताच इथे लिहिलं होतं. खोडलं. ती येणार नाही.